पटावरील सैन्ये : त्यांच्या जाती व त्यांचे बलाबल

बुद्धिबळाच्या पटावर प्यादे हत्तीस मारते आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. उंट वजिरास मारतो, घोडा उंटास मारतो, आणि योग्य घरी पोहोचलेले प्यादे प्रत्यक्ष राजासही शह देते. मारणारा कोण व मरणारा कोण हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही; कोण कोणत्या घरी उभा आहे एवढेच पाहावयाचे. ज्या सेनेवरून ह्या खेळास आरंभी 'चतुरंग' हे नाव पडले, त्या सेनेत हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी चार अंगे होती, आणि प्रत्येकाचे बळ, प्रत्येकाचे भय व प्रत्येकाच्या सोईची भूमी ही निरनिराळी होती. पटावर आल्यानंतर त्यांची चाल तेवढी भिन्न राहिली. लढण्याची रीत मात्र सर्वांची एकच झाली. खेळ ह्या दृष्टीने हे उत्तमच झाले. परंतु भालेकऱ्यांच्या दाट रांगेवर घोडेस्वार चालून गेले असता खऱ्या रणांगणावर काय होत असे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर बुद्धिबळापाशी त्याचे उत्तर नाही.

असे उत्तर देऊ पाहणारे खेळ निराळे आहेत. त्यांस आम्ही ह्या लेखापुरते 'युद्धपट' म्हणू. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगून आम्ही पुढे जाऊ. इ.स. १७८० मध्ये जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथे हेलविग नावाच्या गणितज्ञ अध्यापकाने चौसष्ट घरांच्या जागी कितीतरी अधिक घरांचा पट केला आणि घरांस निरनिराळे रंग देऊन भूमीचे भेद दाखविले. पुढे प्रशियात राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी ह्या कल्पनेस लष्करी शिक्षणाचे रूप दिले. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत घरे अजिबात नाहीत. त्यांच्या जागी आठ हजारास एक ह्या प्रमाणाचा नकाशा आहे, एकेक डाव म्हणजे युद्धातील दोन मिनिटे, आणि माऱ्याचा परिणाम फासे व तक्ते ह्यांवरून एक मध्यस्थ ठरवितो. १९१३ मध्ये सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स ह्यांनी 'लिटल वॉर्स' हे लहानसे पुस्तक लिहून मुलांच्या शिशाच्या शिपायांसही नियम घालून दिले. आणि १९९० मध्ये इंग्लंडात फिल बार्कर व त्यांचे सहकारी ह्यांनी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचेच विवेचन आम्हांस येथे कर्तव्य आहे. त्यांचे नाव लॅटिन आहे : 'दे बेल्लिस अँटिक्विटाटिस', म्हणजे 'प्राचीन काळच्या युद्धांविषयी'. ख्रिस्तपूर्व तीन हजार वर्षांपासून इ.स. १५०० च्या सुमारापर्यंतची सैन्ये त्यांच्या कक्षेत येतात. आवृत्तीगणिक त्यांतील काही आकडे बदलले आहेत. परंतु आमच्या विवेचनाचा पाया असलेली रचना तीच राहिली आहे.

ह्या खेळाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा आटोपशीरपणा. प्रत्येक पक्षास बाराच तुकड्या. एकेक तुकडी म्हणजे आयताकार लहान फळी. तिच्यावर दोन, तीन किंवा चार शिपायांच्या प्रतिमा असतात, आणि त्या शेकडो माणसांच्या जागी उभ्या आहेत असे मानावयाचे. ज्यांस प्रतिमा मिळत नाहीत त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर जातीचे नाव लिहिले तरी काम भागते. आमच्या शाळेत नववीच्या विद्यार्थ्यांनी गेल्या पावसाळ्यात असेच पुठ्ठे कापून, बाकांवर हिरवे कापड पसरून आणि कापडाखाली पुस्तके घालून टेकड्या केल्या होत्या. प्रत्येक पक्षास एक साधा फासा लागतो, सहा टिंबांचा, आणि अंतर मोजावयास पट्टी. एवढ्यावर एका तासात एक लढाई होऊन जाते.

आता तुकड्यांच्या जाती पाहू. नियमकर्त्यांनी जगातील सर्व प्राचीन शिपाई देश, धर्म व पोशाख ह्यांवरून न विभागता, ते लढत कसे ह्यावरून विभागले आहेत. ही गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते. रोमन लीजनचा शिपाई व जपानचा पायी लढणारा सामुराई ह्यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी व हजार वर्षे आहेत. तथापि दोघेही थोडी मोकळी जागा घेऊन हातातील शस्त्राच्या कौशल्यावर लढतात, म्हणून दोघांसही 'खड्गधारी' म्हटले आहे. दाट रांगेत ढालीस ढाल लावून उभे राहणारे ग्रीक नागरिक ते 'भालेकरी'. मॅसिडोनियाचे ते 'दीर्घभालेकरी'. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर सांगावयाचे आहे. धनुष्यावर भिस्त ठेवणारे ते 'तिरंदाज'. पहिल्या धडकेच्या आवेशावर सर्व काही अवलंबून ठेवणारे गॉल व जर्मन लोक ते 'टोळीवाले'. गोफणी व फेकावयाचे हलके भाले घेऊन विरळ लढणारे ते 'हलके पायदळ'. घोडेस्वारांतही वेगाने येऊन थेट घुसणारे चिलखती स्वार, साधे स्वार व नुसते सतावणारे हलके स्वार असे भेद आहेत. शिवाय हत्ती, उंटस्वार, रथ, दगड फेकणारी यंत्रे इत्यादी आहेतच.

प्रत्येक जातीस दोन आकडे दिलेले आहेत : एक पायदळाशी लढतानाचा व दुसरा घोडदळाशी लढतानाचा. दोन तुकड्या भिडल्या की प्रत्येक खेळाडू फासा टाकतो, त्याची टिंबे आपल्या आकड्यात मिळवितो, आणि दोन बेरजा ताडून पाहतात. बेरजा समान आल्यास काहीच होत नाही. एकाची कमी आली, पण दुसऱ्याच्या निम्म्याहून अधिक असली, तर सामान्यतः ती तुकडी एक पाऊल मागे हटते. निम्मी किंवा त्याहून कमी आली तर ती नष्ट झाली. मागे हटावयाचे आले आणि बाजूस किंवा पाठीस शत्रू भिडलेला असला, तर हटावयास जागा नाही म्हणून तीही नष्टच. बारापैकी चार तुकड्या ज्याच्या अगोदर जातील तो हरला. बारापैकी बारा जाईपर्यंत लढाई चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्राचीन सैन्ये शेवटचा माणूस पडेपर्यंत क्वचितच लढली. एका बाजूची रांग तुटली की इतरांचा धीर सुटे, आणि कत्तल होई ती बहुधा त्यानंतर.

हे आकडे वाचावयाचे कसे ते पाहा. खड्गधाऱ्यास पायदळाविरुद्ध पाच गुण आहेत, घोडदळाविरुद्ध तीन. भालेकऱ्यास दोहोंविरुद्ध चार. तिरंदाजास पायदळाविरुद्ध अवघे दोन, घोडदळाविरुद्ध मात्र चार. आकडे कोरडे दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात इतिहासाविषयीचे एक विधान आहे. तलवार चालविण्यास मोकळी जागा पाहिजे, आणि त्याच मोकळ्या जागेत घोडा शिरू शकतो. भाल्यांची दाट रांग घोड्यास आवडत नाही. बाण ढालीआडच्या माणसास फारसा लागत नाही, घोड्यास मात्र लागतो, आणि एक घोडा कोसळला की मागचे दोन अडखळतात. म्हणजे खड्गधारी श्रेष्ठ की भालेकरी श्रेष्ठ, ह्या प्रश्नास 'कोणाविरुद्ध?' असा उलट प्रश्न केल्यावाचून उत्तरच नाही. ज्या सेनापतीपाशी केवळ एकाच जातीचे शिपाई असतील, त्याचा दुबळेपणा शत्रूस अगोदरच ठाऊक असतो.

वर्गात खेळ सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एक तक्रार आली. मॅसिडोनियाचा पक्ष घेतलेला एक विद्यार्थी रोमनांपुढे तीनदा हरला होता. तो म्हणाला, "सर, हे नियम करणाऱ्याने रोमनांचा पक्ष घेतलेला आहे. माझ्या भालेकऱ्यांस पायदळाविरुद्ध तीनच गुण, आणि ह्याच्या खड्गधाऱ्यांस पाच!" तक्रार रास्त दिसत होती. आम्ही त्यास उत्तर न देता फळ्यावर हिशेब मांडावयास सांगितले, आणि दोन तास त्यातच गेले. ते दोन तास व्यर्थ गेले असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम इतिहास काय म्हणतो ते पाहिले. ह्या विषयाचा आमचा उत्तम साक्षी म्हणजे पॉलिबियस. हा ग्रीक गृहस्थ स्वतः अकिया येथील संघाच्या घोडदळाचा नायक होता. ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये मॅसिडोनियाचे राज्य बुडाल्यावर रोमनांनी जे ओलीस नेले त्यांत तो होता, आणि रोममध्ये राहून त्याने आपला इतिहास लिहिला. म्हणजे दोन्ही बाजू त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या. आपल्या इतिहासाच्या अठराव्या भागात तो मॅसिडोनियाच्या व्यूहाचे, ज्यास फॅलँक्स म्हणतात त्याचे, मोजमापच देतो. भाला चौदा हात लांब. (आपला हात व त्याचा हात जवळजवळ सारखाच, दीड फुटाचा.) त्यांपैकी चार हात धरण्यात व तोल सावरण्यासाठी पाठीमागे जातात, दहा हात पुढे येतात. प्रत्येक रांग पुढच्या रांगेच्या दोन हात मागे. म्हणून दुसऱ्या रांगेचे भाले पहिल्या माणसापुढे आठ हात, तिसरीचे सहा, चौथीचे चार व पाचवीचे दोन हात येतात. पहिल्या रांगेतील प्रत्येक माणसापुढे अशी पाच पाती. रोमन शिपायास ढाल हलवून तलवार चालवावयाची, म्हणून त्यास दुप्पट रुंद जागा लागते. परिणामी एका रोमनासमोर दोन मॅसिडोनियन येतात, म्हणजे दहा पाती. एका माणसाने दहा पाती तलवारीने छाटावी कशी? समोरून ह्या व्यूहापुढे कोणाचाही टिकाव लागणे शक्य नाही, असा पॉलिबियसचा स्पष्ट अभिप्राय आहे.

मग तीनच गुण का? कारण ते तीन गुण एकट्या तुकडीचे आहेत. नियम असा की दीर्घभालेकऱ्यांच्या तुकडीमागे तशीच दुसरी तुकडी सपाट जमिनीवर लगटून उभी असेल, तर आणखी तीन गुण मिळतात. तीन व तीन सहा. आमच्या विद्यार्थ्याने हा नियम वाचला होता, पण आपली रांग शत्रूइतकी लांब दिसावी म्हणून सर्व तुकड्या एकेरी पसरल्या होत्या. आता दुहेरी रांगेचा हिशेब पाहा. सहा विरुद्ध पाच. दोन फाशांचे एकंदर ३६ प्रकार होतात. त्यांपैकी २१ प्रकारांत मॅसिडोनियन वरचढ ठरतात, ५ प्रकारांत बरोबरी होते, आणि १० प्रकारांत रोमन वरचढ ठरतात. शिवाय रोमनांची बेरीज मॅसिडोनियनांच्या दुप्पट होणे अशक्यच आहे : त्यांची अधिकात अधिक बेरीज अकरा, समोरच्याची कमीत कमी सात. म्हणजे समोरासमोरच्या लढाईत, बाजू सुरक्षित असता, खड्गधारी त्या व्यूहास एक पाऊल मागे हटवू शकतील, पण नष्ट करू शकणार नाहीत. पॉलिबियसने जे वाक्यात सांगितले तेच येथे आकड्यात आले आहे. वर्गातील दोघातिघांच्या चेहऱ्यावर ह्या ठिकाणी जो आनंद दिसला, तो गणिताच्या तासास आम्हांस नेहमी दिसत नाही.

परंतु दुहेरी रांगेचे मोल द्यावे लागते. सहा तुकड्या दोहोंच्या खोलीने उभ्या केल्या की रांगेची रुंदी तीनच तुकड्यांची राहते, आणि समोर सहा खड्गधारी सहांच्या रुंदीने उभे असतात. कडेच्या रोमन तुकड्या बाहेरून वळसा घालतात. ज्या तुकडीच्या बाजूस असा शत्रू लागला तिचा एक गुण कमी होतो. सहाचे पाच झाले : पाच विरुद्ध पाच. आता ३६ पैकी १५ प्रकारांत मॅसिडोनियनांची बेरीज कमी येते. आणि शत्रू नुसता कडेस न राहता प्रत्यक्ष बाजूस भिडला असेल, तर त्या १५ ही प्रकारांत मागे हटणे नाही. तुकडी नष्टच होते. जेथे नाशाचा एकही प्रकार नव्हता तेथे पंधरा झाले, आणि हे केवळ एक तुकडी वळवून आणल्याने.

जमीन खडबडीत असेल तर अवस्था याहून वाईट. दरड, झाडी, ओढ्याचे पात्र अशा ठिकाणी दीर्घभालेकऱ्यांस मागच्या रांगेचे साहाय्य मिळत नाही, आणि वर दोन गुण वजा होतात. तीनातून दोन गेले, राहिला एक. खड्गधाऱ्यांचेही दोन जातात, पण त्यांचे तीन उरतात. तीन विरुद्ध एक ह्या झुंजीत रोमन २६ प्रकारांत वरचढ ठरतात, आणि त्यांपैकी १२ प्रकारांत दीर्घभालेकरी जागच्या जागी नष्ट होतात, म्हणजे तीनांतून एकदा. पॉलिबियसही हेच सांगतो : ह्या व्यूहास सपाट व मोकळी भूमी पाहिजे, खाचखळगे, चढउतार, नदीनाले नकोत, आणि अशी भूमी मैलोगणती सलग सापडणार कोठे? जो शत्रू तेथे येण्याचेच नाकारील त्याला करावयाचे काय?

हा सर्व हिशेब ज्या एका लढाईत उघड दिसतो ती ख्रिस्तपूर्व १९७ मधील किनोसकेफालेची लढाई होय. थेसली प्रांतातील काही टेकड्यांस त्यांच्या आकारावरून 'श्वानशीर्षे' ह्या अर्थाचे हे ग्रीक नाव पडले होते. एका बाजूस मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप, दुसऱ्या बाजूस रोमन सेनापती फ्लामिनिनस. फिलिपच्या व्यूहात सोळा हजार भाले होते. आदल्या रात्री पाऊस पडून सकाळी दाट धुके उतरले होते. टेकड्यांच्या माथ्यावर दोन्हीकडील हलक्या फौजांची अकस्मात गाठ पडून चकमक उडाली आणि ती वाढत गेली. भूमी आपल्या सोईची नाही हे फिलिप जाणून होता. पण पुढून विजयाचे निरोपावर निरोप येऊ लागले, तेव्हा उजवी बाजू घेऊन तो टेकडीवर चढला. डाव्या बाजूने मागून यावे अशी आज्ञा त्याने दिली.

माथ्यावर आल्यावर त्याने व्यूहाची खोली दुप्पट केली, सर्वांस उजवीकडे दाटून उभे केले, भाले खाली आणविले व उतारावरून रोमनांच्या डाव्या बाजूवर घातले. रोमन मागे हटू लागले. आमच्या भाषेत सहा विरुद्ध पाच. परंतु फिलिपची डावी बाजू अद्याप वाट चालत होती. तिची रांग लागलेली नव्हती. खेळात ही गोष्ट दुसऱ्या एका फाशाने दाखविली आहे, तिचाही उल्लेख येथे केला पाहिजे. प्रत्येक डावाच्या आरंभी सेनापती एक फासा टाकतो, आणि जितकी टिंबे पडतील तितक्याच आज्ञा त्या डावात त्यास देता येतात. एकत्र सरळ उभा असलेला समूह एका आज्ञेत पुढे जातो. विखुरलेल्या तुकड्यांस प्रत्येकी एकेक आज्ञा लागते. टेकडीच्या दोन अंगांस सैन्य वाटून गेले आणि फाशावर दोन टिंबे पडली, की सेनापतीने कोठे पाहावे? फिलिपने उजवीकडे पाहिले.

फ्लामिनिनसने आपली डावी बाजू हटत आहे असे पाहून तिच्यासाठी आटापिटा न करता उजव्या बाजूकडे धाव घेतली, आणि हत्ती पुढे करून, फिलिपची डावी बाजू रांग धरण्यापूर्वीच तिच्यावर चाल केली. ती फुटली. ह्यानंतर जे झाले ते कोणाच्याही आज्ञेने झाले नाही. रोमन उजव्या बाजूकडील एका ट्रिब्यूनने, ज्याचे नाव इतिहासाने राखले नाही, पळणाऱ्यांच्या पाठीस न लागता वीस मॅनिपल म्हणजे लहान पथके बरोबर घेतली, आणि तो वळून फिलिपच्या विजयी उजव्या बाजूच्या पाठीवर जाऊन पडला. चौदा हातांचा भाला घेतलेल्या माणसास मागे वळता येत नाही. वळला तर शेजाऱ्याचा भाला आडवा येतो. पटावर मागची तुकडी पाठीवरील शत्रूकडे वळली की पुढच्या तुकडीचे तीन गुण गेले, आणि पुन्हा तीन विरुद्ध पाच. पॉलिबियसच्या मते त्या दिवशी मॅसिडोनियाचे आठ हजार पडले व पाच हजार धरले गेले. रोमनांचे सुमारे सातशे पडले. लीजनमधील माणूस एकटा, पथकात किंवा सर्वांबरोबर, कोणत्याही दिशेस तोंड करून लढू शकतो, आणि फॅलँक्समधील माणसास ते येत नाही, हा त्याने काढलेला निष्कर्ष त्या ट्रिब्यूनच्या वीस पथकांवर उभा आहे.

इतर जातींविषयी थोडेच सांगतो. टोळीवाल्यांस पायदळाविरुद्ध तीन गुण, मागे तशीच दुसरी तुकडी असल्यास चार. म्हणजे पाच गुणांच्या खड्गधाऱ्यांपुढे ते उणेच. पण त्यांस एक विशेष अधिकार दिला आहे : त्यांची बेरीज नुसती अधिक आली तरी खड्गधारी मागे न हटता नष्ट होतात. दहादा हरून एकदा जिंकणारे, परंतु जिंकल्यास सर्वस्व नेणारे असे हे लोक. गॉलांच्या पहिल्या धडकेचे भय रोमनांच्या मनात पिढ्यानुपिढ्या का होते, हे ह्या एका नियमावरून मुलांच्या ध्यानात येते. तसेच भालेकऱ्यांस सपाट जमिनीवर चिलखती स्वारांकडून. आणि हत्तींस तर सर्वांत क्षुद्र दिसणाऱ्या हलक्या पायदळाकडून. हे शेवटचे वाचून वर्गात हशा पिकला. पण गोफणवाला हत्तीच्या वाटेतून बाजूस होऊ शकतो, दाट रांग होऊ शकत नाही. ख्रिस्तपूर्व २०२ मध्ये झामा येथे स्किपिओने हानिबालच्या हत्तींसाठी आपल्या रांगांत मोकळ्या वाटा ठेवून त्यांत हलकी माणसे उभी केली होती, ती ह्याच ज्ञानाने.

काही पालकांच्या मनात येथे दोन शंका येतील. एक, शाळेत फासा कशास? दुसरी, युद्धाचा खेळ खेळून मुलांस युद्धाची गोडी लागणार नाही काय? पहिलीचे उत्तर सोपे आहे. येथे पैशाचा संबंध नाही. चिखल, धुके, भीती, चुकलेला निरोप, अशा ज्या गोष्टी सेनापतीच्या हातात नव्हत्या, त्यांच्या जागी फासा ठेवला आहे. तो काढून टाकला तर मुलांस असे वाटू लागेल की इतिहासात जे झाले ते तसेच होणार होते. दुसरी शंका खरी आहे आणि तिला आमच्यापाशी तयार उत्तर नाही. वेल्स ह्यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी म्हटले होते की खेळण्यातले युद्ध खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरे. त्यात छिन्नविच्छिन्न देह नाहीत, उद्ध्वस्त गावे नाहीत. ते पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच युरोपात महायुद्ध पेटले. त्या पुस्तकाने एकही तोफ थांबविली नाही, आणि एकही उडविली नाही.

तथापि ज्या ठिकाणी नियम अपुरे पडतात ते ठिकाण मुलांस दाखविणे आम्ही आपले काम समजतो. किनोसकेफालेच्या हकिगतीत एक प्रसंग आहे जो पटावर येतच नाही. लढाई गेली असे दिसताच मॅसिडोनियाच्या काही शिपायांनी आपले लांब भाले उभे धरले. त्यांच्याकडे शरण येण्याची ही खूण होती. फ्लामिनिनसने चौकशी केली, खुणेचा अर्थ कळल्यावर आपल्या माणसांस थोपविले, आणि शरणागतांस वाचवावे असे त्याच्या मनात आले. इतक्यात जे रोमन पुढे गेले होते ते वरून त्यांच्यावर तुटून पडले, आणि बहुतेक सर्व मारले गेले; थोडेसे भाले टाकून पळाले. पटावर ह्या वेळेपर्यंत चौथी तुकडी उचलली गेलेली असते व पुठ्ठे डब्यात भरणे चालू असते.

आम्ही हा उतारा वर्गात वाचून दाखविला, आणि ह्यासाठी नियम करता येईल काय, असे विचारले. आठवडाभराने ज्या विद्यार्थ्याने आरंभी तक्रार केली होती त्याने व त्याच्या प्रतिस्पर्ध्याने मिळून एक नियम लिहून आणला. तो असा : चौथी तुकडी गेल्यावर खेळ संपत नाही. हरलेल्या पक्षाच्या ज्या तुकड्या शत्रूस भिडलेल्या असतील त्या भाले उभे करतात. जिंकलेल्याने मग आज्ञेचा फासा टाकावा. जितकी टिंबे पडतील तितक्याच आपल्या तुकड्या त्यास थांबविता येतील. ज्या थांबविता आल्या नाहीत त्यांच्या समोरील शरणागत तुकड्या मेल्या असे समजून, जिंकलेल्याच्या गुणांतून तितके गुण वजा करावे. ह्या नियमाने त्यांनी लढाई पुन्हा पाच वेळा खेळून पाहिली. थांबविण्याजोग्या तुकड्या दर वेळी तीन किंवा चार होत्या, आणि पाचांपैकी तीन वेळा फाशाची टिंबे कमी पडली.